कोठडीचं माप

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या एका मोठ्या वळणात १८,००० एकरांचा तुरुंग आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला डोंगराळ रान. सरकारी नाव ‘लुईझियाना स्टेट पेनिटेन्शरी’, पण सगळे त्याला अँगोलाच म्हणतात. हे नाव आधी तिथल्या मळ्याचं होतं. आफ्रिकेतल्या ज्या किनाऱ्यावरून गुलाम पकडून आणले, त्या मुलखावरून ते पडलं. १९०१ साली राज्य सरकारनं तुरुंगाचा ताबा घेतला. मळा मात्र मोडला नाही. आजही तिथले कैदी, त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय, तासाला काही सेंट मजुरीवर शेतात राबतात आणि घोड्यावर बसलेला बंदूकधारी पहारेकरी त्यांच्यावर नजर ठेवतो.

या तुरुंगात ऑक्टोबर महिन्यातल्या दर रविवारी जत्रा भरते. तिचं नाव रोडिओ. १९६५ साली कैदी आणि कर्मचारी यांच्यापुरता हा खेळ सुरू झाला, १९६७ पासून तो बाहेरच्या लोकांना खुला झाला. आता तिथे सुमारे दहा हजार माणसं बसतील असं मैदान आहे. त्यातला ‘कन्व्हिक्ट पोकर’ नावाचा खेळ असा: मैदानाच्या मधोमध टेबल, भोवती चार कैदी, हातात पत्ते. मग बैल सोडतात. शेवटपर्यंत जो खुर्चीवरून हलत नाही तो जिंकला. दुसऱ्या एका खेळात बैलाच्या कपाळाला सोंगटी बांधतात आणि कैद्यांनी ती ओढून आणायची असते. हे कैदी काही घोडदौडीत तयार झालेले गडी नव्हेत. हाडं मोडतात, लोक ओरडतात, बक्षिसाचे पैसे मिळतात.

मैदानाबाहेर कैद्यांनी केलेल्या वस्तूंचा बाजार असतो: चामड्याचे पट्टे, लाकडी झोपाळे, चित्रं, गोधड्या. ज्यांची वर्तणूक चांगली मानली जाते त्यांना गिऱ्हाइकासमोर बसता येतं. बाकीचे तारेच्या जाळीमागे उभे राहतात आणि आपल्या वस्तूचा भाव जाळीतूनच सांगतात. तरीही अनेक कैदी वर्षभर या दिवसांची वाट पाहतात. चार पैसे मिळतात, घरची माणसं भेटतात, अनोळखी माणसाशी साधं दोन वाक्यांचं बोलणं होतं. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझा प्रश्न प्रेक्षकांच्या जागेचा आहे. तुरुंगाच्या भिंतीच्या आत दहा हजार लोक येतात, कैद्यांना उघड्या डोळ्यांनी पाहतात आणि ही माणसं इथे कशी आली, किती वर्षं राहणार, हा प्रश्नही मनात न येता घरी जातात. तुरुंग आणि कला यांच्याविषयी या प्रकरणात जे सांगायचं आहे, ते या जागेपाशी सुरू होतं: बघणाऱ्याला कुठे उभं केलं जातं?

याच तुरुंगात हर्मन वॉलेस नावाचे एक कैदी होते. दरोड्याच्या शिक्षेवर ते आत आले. आत ‘ब्लॅक पँथर’ संघटनेची शाखा काढून तुरुंगातल्या अत्याचारांविरुद्ध कैद्यांना एकत्र करू लागले. एप्रिल १९७२ मध्ये एका तरुण पहारेकऱ्याचा खून झाला. वॉलेस आणि अल्बर्ट वुडफॉक्स यांच्यावर तो आळ आला. दोघांनीही तो अखेरपर्यंत नाकारला. तेव्हापासून दोघं एकांतकोठडीत. तिसरे साथी रॉबर्ट किंग, तेही तसेच एकांतात. किंग २९ वर्षांनी, २००१ साली सुटले. त्यांचं भाषण जॅकी समेल नावाच्या तरुण कलावतीनं ऐकलं आणि तिनं वॉलेस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. एका पत्रात तिनं विचारलं: तीस वर्षं सहा फूट बाय नऊ फुटांच्या खोलीत काढलेल्या माणसाच्या स्वप्नात कसलं घर येतं?

उत्तरं पत्रांतून येत राहिली, शेकडो पत्रांतून. घर लाकडी हवं. पुढे फुलांची बाग हवी, येणाऱ्या पाहुण्याला आधी ती दिसावी. स्वयंपाकघर मोठं हवं. पोहण्याचा तलाव हवा आणि त्याच्या तळाशी काळ्या बिबळ्याचं चित्र हवं. संकट आलं तर तळघरात उतरायची गुप्त वाट हवी. आणि न्हाणीघरात टब हवा तो सहा बाय नऊचा, म्हणजे कोठडीएवढा. या शेवटच्या तपशिलापाशी मी दर वेळी थबकते. माणूस मनातल्या मनात राजवाडा बांधू शकत होता, पण मोजायला त्याच्याजवळ फूटपट्टी एकच होती.

समेलनं त्या पत्रांवरून नकाशे केले, घराची प्रतिकृती केली आणि शेजारी वॉलेस यांच्या कोठडीची खऱ्या मापाची लाकडी प्रतिकृती उभी केली. ‘द हाऊस दॅट हर्मन बिल्ट’ हे प्रदर्शन अनेक देशांतल्या दालनांत गेलं. लोक घर बघत, मग कोठडीत शिरत. आत दोन हात पसरले की बोटं भिंतींना टेकत. एकांतवासावरच्या अहवालांत सगळं लिहिलेलं असतं, पण ते वाचताना शरीर खुर्चीत सैल असतं. इथे शरीरालाच कळत होतं. हे घर वॉलेस यांच्या हयातीत उभं राहिलं नाही. १ ऑक्टोबर २०१३ रोजी संघीय न्यायाधीशांनी त्यांची शिक्षा रद्द केली. कारण त्यांच्यावर आरोप ठेवणाऱ्या पंचमंडळातून स्त्रियांना वगळलं होतं. यकृताच्या कर्करोगानं खंगलेल्या वॉलेसना रुग्णवाहिकेतून बाहेर आणलं. तीन दिवसांनी, ४ ऑक्टोबरला ते गेले. वुडफॉक्स २०१६ च्या फेब्रुवारीत, आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी सुटले.

समेलनं काम थांबवलं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत तिनं ‘सॉलिटरी गार्डन्स’ उभ्या केल्या. एकेक वाफा म्हणजे एकेक एकांतकोठडी, त्याच मापाची. जिथे पलंग असतो, जिथे संडास असतो, तो भाग घट्ट बांधलेला. उरलेल्या जागेतच माती. म्हणजे कोठडीत माणसाला पाऊल टाकायला जेवढी जागा असते, तेवढ्याच जागेत झाड उगवणार. बांधकामात ऊस, कापूस, तंबाखू आणि नीळ या पिकांचं चिपाड-भुसकट चुन्यात कालवून वापरलं आहे, कारण गुलामांच्या श्रमावर पिकवलेली ही मुख्य पिकं होती. कुठल्या वाफ्यात काय लावायचं हे एकांतवासातला कैदी पत्रानं कळवतो आणि बाहेरचा स्वयंसेवक ते लावतो. कुणी आईच्या परसातली भाजी सांगतो, कुणी औषधी वनस्पती. ऊन-पावसानं बांधकाम हळूहळू झिजतं आणि झाडं त्याच्यावर पसरतात. या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग मात्र पत्रांचा आहे. वस्तीतली एखादी शाळकरी मुलगी आणि तेवीस तास बंद असलेला माणूस यांना परस्परांशी बोलायला एक विषय मिळतो: पुदिना जगला का?

हे सगळं कशाच्या विरोधात चाललं आहे, ते आकड्यांत सांगायला हवं. १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या राज्य आणि संघीय तुरुंगांत मिळून साधारण २ लाख कैदी होते. २००९ पर्यंत ते १६ लाखांवर गेले; जिल्हा पातळीवरच्या कोठड्या धरल्या तर एकूण २३ लाखांच्या आसपास. आता आकडा १९ लाखांच्या घरात आहे. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा वाटा सुमारे ४ टक्के, जगातल्या कैद्यांत मात्र जवळपास एक पंचमांश. गुन्हे आठपट वाढले म्हणून हे झालं नाही. १९९० नंतर गुन्ह्यांचं प्रमाण घसरत होतं, तरी कैदी वाढत राहिले. वाढले ते कायद्यांमुळे. १९७३ साली न्यूयॉर्कनं अमली पदार्थांसाठी कडक किमान शिक्षा ठरवल्या आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. १९८६ च्या कायद्यानं गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत मिळणाऱ्या क्रॅक कोकेनच्या ५ ग्रॅमला तीच किमान शिक्षा ठेवली, जी श्रीमंत वस्त्यांत मिळणाऱ्या कोकेन भुकटीच्या ५०० ग्रॅमला होती. १९९४ साली कॅलिफोर्नियात तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षं ते जन्मठेप आली. त्याच वर्षी केंद्राच्या कायद्यानं कैद्यांची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती बंद केली; ती पुन्हा सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास असलेले कृष्णवर्णीय तुरुंगात जवळपास एक तृतीयांश आहेत.

हे आकडे दाखवण्याचा एक फार चांगला प्रयत्न फिलाडेल्फियात आहे. १८२९ साली सुरू झालेला आणि १९७१ साली बंद पडलेला ‘ईस्टर्न स्टेट’ तुरुंग आता वस्तुसंग्रहालय आहे. एकांतवास ही शिक्षापद्धती जगभर नेली ती याच तुरुंगानं, त्यामुळे जागेची निवड योग्यच. तिथल्या पटांगणात २०१४ साली सोळा फूट उंचीचा पोलादी आलेख उभारला. दर दशकाला एक पट्टी, कैद्यांच्या प्रमाणाइतकी उंच. १९०० पासून १९७० पर्यंतच्या पट्ट्या बुटक्या, जवळपास सारख्या. मग एकदम जिना चढावा तशा चढत जातात आणि शेवटची बघायला मान वर करावी लागते. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर इतर देशांशी तुलना दिसते. भुतांच्या गोष्टी ऐकायच्या म्हणून जुना तुरुंग पाहायला आलेली कुटुंबं या पोलादाच्या सावलीत उभी राहून मुलांना १९७० नंतर काय घडलं ते समजावू लागतात.

कैद्यांनी आत बसून केलेल्या कलेचा विषय मोठा आहे. एकच उदाहरण जरा जवळून पाहू. जेसी क्राइम्स हा चित्रकार अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगात गेला. त्यानं तुरुंगाच्या चादरी घेतल्या, केसांना लावायची जेल घेतली आणि प्लॅस्टिकचा चमचा घेतला. वर्तमानपत्रातलं छायाचित्र चादरीवर पालथं ठेवायचं, जेल लावायची, चमच्याच्या पाठीनं घासत राहायचं. शाई कापडावर उतरते. अशा ३९ चादरी त्यानं तीन वर्षांत केल्या आणि पूर्ण होईल तसतशी एकेक टपालानं बाहेर पाठवली. स्वर्ग, पृथ्वी, नरक असं ते सलग भव्य चित्र आहे, पण आत असताना त्याला ते एकत्र कधीच बघता आलं नाही. चादरीची कड दुसऱ्या चादरीला जुळेल की नाही, हे तो आठवणीवर जुळवत होता. चित्राच्या नावात त्याचा कैदी क्रमांक आहे. सुटल्यावर त्यानं रसेल क्रेग या साथीदाराबरोबर, तुरुंगातून आलेल्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. क्रेगनं स्वतःचं चित्र काढलं ते स्वतःच्याच खटल्याच्या आणि तुरुंगाच्या कागदांवर.

त्या शिष्यवृत्तीला बळ मिळालं ते एका चित्राच्या विक्रीतून. २०१७ साली ॲग्नेस गुंड या संग्राहक बाईंनी आपल्या घरातलं रॉय लिक्टेनस्टाइनचं चित्र १६.५ कोटी डॉलरना विकलं आणि त्यातले १० कोटी ‘आर्ट फॉर जस्टिस’ निधीला दिले. तुरुंगव्यवस्थेवरचा एव्हा ड्युव्हर्नेचा ‘थर्टींथ’ हा माहितीपट पाहून त्या हेलावल्या होत्या, आणि आपल्या कृष्णवर्णीय नातवंडांची काळजीही होती. निधीनं कलावंत आणि कायद्यासाठी झगडणाऱ्या संघटना या दोघांना जोडीनं पैसा दिला आणि ठरल्याप्रमाणे २०२३ साली काम संपवलं. भिंतीवर टांगलेल्या चित्राचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

तुरुंगातल्या नाटकाची गोष्ट जुनी आहे. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या भोजनगृहात सुमारे १,४०० कैद्यांपुढे सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ झालं. नाटक निवडण्याचं एक कारण साधं होतं: त्यात स्त्रीपात्र नाही. बाहेरच्या जाणकारांना अवघड गेलेलं ते नाटक कैद्यांना लगेच कळलं. नुसतं वाट पाहत बसणं म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. रिक क्लची या जन्मठेपेच्या कैद्याला प्रयोगाला जाऊ दिलं नव्हतं. त्यानं ते कोठडीत ध्वनिक्षेपकावरून ऐकलं. पुढे तुरुंगातच त्यानं नाटक मंडळी काढली, पॅरोलवर सुटला आणि खुद्द बेकेटच्या दिग्दर्शनाखाली काम केलं.

मराठी वाचकाला १९५७ या सालाशी आणखी एक धागा सापडेल. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच वर्षीचा. ग. दि. माडगूळकरांची ती कथा माणदेशातून आलेली, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीवरून. औंध संस्थानात मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्यानं राजाच्या पाठबळावर खुनाच्या कैद्यांना बेड्यांशिवाय शेतावर ठेवण्याचा प्रयोग केला होता. चित्रपटाला १९५८ साली बर्लिनमध्ये पारितोषिक मिळालं. मला त्यातलं महत्त्व वाटतं ते क्रमाचं: स्वतंत्रपूरमध्ये आधी माणसांवर विश्वास टाकला गेला, चित्रपट नंतर झाला. अमेरिकेत बहुतेक वेळा उलटं करावं लागतं. नाटक आधी करून दाखवायचं, मग विश्वास मागायचा.

न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात १९९६ पासून चाललेली ‘रिहॅबिलिटेशन थ्रू द आर्ट्स’ ही संस्था हेच करते आहे. तिच्यावरच्या ‘सिंग सिंग’ चित्रपटात बहुतेक भूमिका त्याच नाट्यवर्गातून बाहेर पडलेल्या माणसांनी केल्या, आणि नायक ते साहाय्यक सगळ्यांना मानधनाचा दर एकच होता. आपल्या सदस्यांपैकी पुन्हा तुरुंगात येणारे तीन टक्क्यांहून कमी, असं संस्था सांगते. देशभरात सुटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश तीन वर्षांत पुन्हा पकडले जातात, हे पाहता आकडा डोळ्यांत भरतो. पण जपून वापरावा. नाटकाच्या तालमीला जो स्वतःहून येतो, तो बदलायला निघालेलाच असतो. शिवाय पुन्हा पकडलं जाणं आणि पुन्हा तुरुंगात येणं ही दोन वेगळी मापं आहेत. आणि मला त्याहून मोठी अडचण अशी वाटते की, कला कैद्याला ‘सुधारते’ म्हणूनच ती द्यावी, असं एकदा मान्य केलं की ज्याला नाटक येत नाही, चित्र येत नाही, जो नुसता खिडकीबाहेर बघत बसतो, त्याच्या माणूसपणाला पुरावा कुठून आणायचा?

तुरुंगातल्या नाटकाची दुसरी बाजूही अँगोलात दिसली. लायझा जेसी पीटरसन या अभिनेत्रीचा ‘द पेक्युलिअर पेट्रिअट’ हा एकपात्री प्रयोग आहे. कैदेतल्या मैत्रिणीला मुलाकतीला भेटणाऱ्या एका बाईचं बोलणं, हसतखेळत चालणारं, आणि बोलता बोलता मळा आणि तुरुंग यांचं नातं उलगडणारं. २०२० च्या फेब्रुवारीत तो अँगोलातल्या कैद्यांपुढे झाला आणि अधिकाऱ्यांनी मध्येच बंद पाडला. त्यावर २०२२ साली छोटा माहितीपट निघाला. बैलाचा खेळ पन्नासहून अधिक वर्षं चालू राहतो, आणि एका बाईचं बोलणं तासभरही सहन होत नाही. कुठल्या कलेला तुरुंग घाबरतो, हे त्या दिवशी तुरुंगानंच सांगितलं.

तुरुंगाला आव्हान देणाऱ्या कार्यक्रमांना मंच लागतोच असं नाही. २०१७ च्या मे महिन्यात, मातृदिनाच्या आठवड्यात, अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीय संघटनांनी वर्गणी काढून शंभरच्या आसपास स्त्रियांचे जामीन भरले. या बायकांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. पाचशे-हजार डॉलर नव्हते म्हणून त्या आत होत्या. आपल्याकडे अशांना कच्चे कैदी म्हणतात, आणि २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ तसेच होते. तुरुंगाच्या दारात फुलं, जेवण आणि मुलं घेऊन लोक उभे राहिले. त्यातून जामिनाच्या पद्धतीवर जी चर्चा गावोगाव झाली, ती कुठल्या परिसंवादानं होणार नव्हती.

लुईझियानात त्यानंतर दीड वर्षानं जे घडलं ते या सगळ्याच्या पुढचं पाऊल होतं. १८९८ च्या राज्यघटनेनं तिथे अशी सोय केली होती की बारा पंचांचं एकमत नसलं तरी माणूस दोषी ठरावा. गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायचं हा हेतू त्या सभेत उघड बोलला गेला होता. पुढे दहा विरुद्ध दोन मतांवरही जन्मठेपा होत राहिल्या, आणि लुईझियानात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. कॅल्विन डंकन नावाचे अँगोलातले कैदी आतच कायदा शिकले आणि हा नियम रद्द व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापुढे वीसहून अधिक अर्ज नेण्यात त्यांचा हात होता. अँगोलात २७ वर्षं काढलेल्या नॉरिस हेंडरसन यांनी सुटकेनंतर मोहीम उभारली. चर्चमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, सभागृहांत लोकांना ‘दोन पंच म्हणाले निर्दोष, तरी जन्मठेप’ एवढंच सांगितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी ६४ टक्के मतांनी तो नियम रद्द केला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही तो घटनाबाह्य ठरवला.

पण २०२१ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की हा निकाल आधी संपलेल्या खटल्यांना लागू नाही. म्हणून जी पद्धत घटनाबाह्य ठरली, तिच्याच बळावर दोषी ठरलेले सुमारे दीड हजार लोक लुईझियानाच्या तुरुंगांत राहिले. २०२४ साली राज्यानं नव्या गुन्ह्यांसाठी पॅरोलही जवळपास पूर्ण बंद केला. त्या दीड हजारांना फेरसुनावणी मिळावी म्हणून विधिमंडळात विधेयकं मांडली गेली आणि पडली. राज्याच्या राजधानीत, बॅटन रूजला अधिवेशन भरलं की त्यांचे भाऊ, बहिणी, आई आणि आधी सुटून आलेले कैदी समितीपुढे साक्ष द्यायला जातात.